भट्टी दमते

शाहूपुरीतल्या आमच्या घराला गुळाचा वास होता आणि गूळ जाऊन बरीच वर्षं झाली तरी तो गेला नव्हता. खाली पुढच्या अंगाला अप्पांची अडत होती. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर चिकट लागायचं. मुंग्यांच्या रांगा कुठून निघतात हे शोधायचा नाद आम्ही भावंडांनी लहानपणीच सोडून दिला होता. पुढं अप्पांना दमा जडला, अडत बंद झाली आणि त्या मोकळ्या जागेत मी नेटकॅफे टाकला. ढेपांच्या थप्प्या असायच्या तिथं टेबलं आली, वजनकाट्याच्या जागी माझा मोठा कॉम्प्युटर आला, आणि उन्हाळ्यात यंत्रं तापली की जुन्या भिंतींतून काकवीचा वास सुटायचा. मी त्या वेळी पस्तिशी ओलांडलेला, लग्न न जमलेला, बापाच्या कमाईवर वाढलेला माणूस होतो. आठवणी लिहिणारे लोक आपलं तरुणपण विशीत दाखवतात. माझं उशिरा आलं, त्या खोलीत आलं आणि एका खेळात गेलं. त्या काळाबद्दल मी घरात एक आणि बाहेर एक असं सांगत आलो आहे. दोन्ही खरं नव्हतं.

आम्ही लिंगायत. घरातलं बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. तिचं माहेर चंदगडकडचं, त्यामुळे घरात जोंधळ्याच्या भाकरीबरोबर तांदळाचीही भाकरी व्हायची आणि ओल्या काजूगरांची उसळ झाली की अप्पा दमा विसरून दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे. दुपारी अव्वा उखळात शेंगदाण्याची चटणी कुटायची. त्या दणक्याबरोबर माझ्या टेबलावरचा पडदा किंचित हलायचा. माहेराकडून अव्वानं आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे कौल. म्हैस घ्यायची का, अप्पांना मिरजेच्या डॉक्टरकडं न्यायचं का, सगळं ती देवाला विचारायची. मूर्तीच्या दोन खांद्यांना ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न मनात धरायचा आणि बसून राहायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि एकदा डावी पडली की त्या गोष्टीसाठी पुन्हा विचारायचं नाही. "देवाला दोनदा इचारायचं म्हंजे देवाला खोटं म्हणायचं," असं ती सांगायची. माझी बहीण शारदा, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणायची; ती हे सगळं अव्वाच्या मांडीला मांडी लावून शिकली. ती एम.कॉम.ला बाहेरून बसली होती, हिशेब माझ्यापेक्षा चांगले करायची, पण कौलाच्या बाबतीत ती अव्वाची लेक होती.

कॅफेत येणाऱ्यांनी तो खेळ आणला. दूरच्या कुठल्या देशात बनलेला, जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी खेळायची. प्रत्येकाचा आत एक माणूस असायचा. तो रानात हिंडायचा, राक्षस मारायचा, दगड-धातू गोळा करायचा. आमच्या टोळीला आम्ही तालीम म्हणायचो. माझ्या माणसाला लाल पटका होता. पण आमचा सगळ्यांचा जीव अडकला होता तो खेळातल्या लोहारशाळेत. तिथं भट्टी होती आणि ऐरण. गोळा केलेला माल ऐरणीवर ठेवायचा आणि घाव घालायचा. जमलं तर झगमगती तलवार हातात यायची, नाही जमलं तर महिनाभराच्या कष्टाची राख. का जमतं आणि का फुटतं हे खेळ कुणालाच सांगत नसे. त्यामुळं कोल्हापुरात बसून आम्ही ते शोधायला निघालो.

आमच्यात एक पैलवान होता. कुस्ती सुटलेली, पोट सुटलेलं, पण घाव घालायच्या आधी तो खुर्चीतून उठून शड्डू ठोकायचा आणि मग पडद्याच्या पाया पडायचा. त्याचं म्हणणं, माणसाचं तोंड पूर्वेला पाहिजे.

"खेळात पूर्व कुठली हाय, ते तरी ठाऊक हाय का तुला?" टोळीतला सुगत त्याला विचारायचा.

"मी बसलोय ती पूर्वच हाय की. तोंड माझं, खेळाचं न्हाय."

"आनि फुटली तर?"

"तर तू मागं शिंकला असशील."

सुगत कसबा बावड्याचा. वडील साखर कारखान्यात, हा एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा आणि शिकवून झालं की सरळ आमच्याकडं. मोठ्यानं बोलायचा, मोठ्यानं हसायचा. हरला तर दोष यंत्राचा आणि जिंकला तर कर्तृत्व त्याचं. मला शिवादा म्हणायचा. घर बौद्ध आहे हे अव्वानं पहिल्याच आठवड्यात आडनाव विचारून काढून घेतलं. नेहमीच्या माणसांना चहा घरातून यायचा, स्टीलच्या पेल्यांतून. त्या आठवड्यापासून एक पोचा आलेला पेला मागच्या नळाजवळच्या कट्ट्यावर वेगळा राहू लागला. मी अव्वाला काही विचारलं नाही. तो पेला आणून सुगतच्या हातात मीच द्यायचो. त्यालाही कळलं होतं. "आलं का माझं पदक?" असं तो म्हणायचा. पैलवान हसायचा, मीही हसायचो. मी स्वतःला मोठ्या मनाचा समजत होतो, कारण बाहेर मी त्याच्या शेजारी बसून मिसळ खायचो आणि माझ्या वाटीतला कट त्याच्या वाटीत ओतायचो.

एका दुपारी सुगतची चांगली तलवार फुटली. त्याच्या आदल्याच घावाला एक उत्तम उतरली होती. अप्पा दाराजवळच्या आरामखुर्चीत धाप टाकत बसलेले असत. त्यांनी विचारलं, "काय मोडलं रं?"

"तलवार, अप्पा. भट्टीत घातलेली."

"त्याच्या आधीचं आधण बरं उतरलं असंल."

सुगत खुर्चीसकट वळला. "तुमाला कसं कळलं?"

अप्पांचा जन्म गुऱ्हाळाच्या माणसांत गेलेला. काहिलीत, म्हणजे गुऱ्हाळातल्या मोठ्या कढईत, शिजणाऱ्या उसाच्या रसाच्या एका खेपेला आधण म्हणतात. अप्पांनी थांबत थांबत सांगितलं, की एक आधण नामी उतरलं की शहाणा गुळव्या लगेच दुसरं चढवत नाही. चढवलं तर ते बिघडतं, गूळ चिक्कट होतो. चुलवाण, म्हणजे काहिलीखालची भट्टी, दमलेलं असतं. त्याला दोन फालतू आधणं खायला घालायची, मग पुन्हा चांगला रस घ्यायचा.

"चुलवाण दमतं," सुगत हळूच म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "शिवादा, भट्टी दमते."

त्यानंतरच्या दुपारी आम्ही खेळलो नाही, नुसते लोहारशाळेत उभे राहिलो. येणाऱ्या अनोळखी माणसांचे घाव बघत बसायचं. एकाचं जमलं की पाठोपाठ फुटायला लागायचं, आणि बरीच फुटून झाली की मग कुणाचं तरी जमायचं. आमच्या डोळ्यांसमोर अप्पांचं म्हणणं खरं होत होतं. लोहारशाळेला पुढं एक आणि मागच्या खोलीत एक अशा दोन ऐरणी होत्या, पण धुराडं एकच. म्हणून दोन्हींना एकच भट्टी, हा भाग मी शोधला. मागच्या ऐरणीवर कुणाचं उतरलं, तर पुढच्याचं फुटणार. हे गुपित आमच्या तिघांतच ठेवायचं ठरलं. तिसरी शारदा. माजघरात तिच्यासाठी एक यंत्र होतं, भिंतीला भोक पाडून तार आत नेली होती. तिचा आतला माणूस वैद्य होता, हिरव्या शालीचा. मागच्या खोलीत मी, पुढं सुगत आणि दारात ती, असा आमचा पहारा चालायचा. बाहेर अव्वाचं उखळ. आज ते आठवलं की वाटतं, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका सुखी दुसऱ्या कुठल्या वेळी नव्हतो.

नाव मात्र सुगतचं झालं. भट्टी दमलेली असली की तो थांबायचा, लोकांची राख होऊ द्यायचा, मग पुढं व्हायचा. दहा शहरांतली माणसं त्याच्याकडून तलवारी घडवून घ्यायला रांग लावू लागली. त्याला उस्ताद म्हणायची. त्याचं मधून मधून फुटायचंही, पण तेव्हा तो म्हणायचा की आपल्या नजरेआड कुणीतरी मागं घाव घातला असणार. आमच्या सिद्धांतात प्रत्येक चुकीला जागा होती. जागा माझी, यंत्रं माझी, चुलवाण माझ्या बापाचं, धुराड्याची अक्कल माझी, आणि लाल पटक्याच्या माणसाला त्या जगात कुणी ओळखत नव्हतं. हे मला डाचत होतं. पुढं जे केलं त्याला मी बरीच वर्षं हे एवढंच कारण देत आलो.

जेवण झालं की मी वर जाऊन पडायचो आणि तेवढा वेळ शारदा कॅफे सांभाळायची. एका दुपारी झोप लागली नाही म्हणून खाली आलो. ती माजघरात तिच्या यंत्रावर, सुगत कोपऱ्यातल्या त्याच्या टेबलावर. मधे एक भिंत. माझ्या मोठ्या कॉम्प्युटरवरून कुठल्याही यंत्राचा पडदा बघायची सोय मी करून घेतली होती. सवयीनं त्याचा उघडला. खेळातल्या नदीकाठी उस्ताद आणि वैद्य बसले होते आणि त्यांचं बोलणं खाली अक्षरांत उमटत होतं. ते पहिलं नव्हतं हे वाचताच कळलं.

"घरात कधी सांगायचं?" हा सुगत.

"जोडअंगठी घडवू आधी."

खेळात लग्न लागायचं. त्यासाठी दोघांनी मिळून दुर्मिळ खडे गोळा करायचे आणि ऐरणीवर एकच घाव घालायचा. जमलं तर दोन अंगठ्या.

"ती खेळातली गोष्ट झाली. मी खऱ्याचं इचारतोय."

"मी बी खऱ्याचंच सांगायला लागलेय. कौल लावायचा."

"कुठल्या देवाला?"

"तुझ्या भट्टीला."

"मी कुठलाच देव मानत न्हाय, शारदा."

"तू मानू नको. मी मानीन तेवढं पुरं. अंगठी झाली तर त्याच दिवशी अप्पांना सांगणार, मग घर सोडायला लागलं तरी. फुटली तर तू बी पुन्हा इचारायचं न्हाय, मी बी न्हाय."

मग त्यानं लिहिलं, "फुटायची न्हाय. भट्टी कधी दमते ते मला ठाऊक हाय."

मी पडदा मिटला. जातीमुळं मला राग आला नाही, असं मी त्या दुपारी स्वतःला सांगितलं आणि पुढं कैक वर्षं सांगत राहिलो. राग आला तो चोरून केल्याचा, माझ्याच छपराखाली केल्याचा, असं म्हणत राहिलो. आज त्याला काही अर्थ नाही. सुगत आमच्यातला असता तर मीच अप्पांकडं गेलो असतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. समोरासमोर नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, कारण मग मी माझ्या मोठ्या मनासह उघडा पडलो असतो. अप्पांना सांगावं तर ते तिच्यावर हात उचलणार, अव्वा विहीर जवळ करायची धमकी देणार, गल्लीभर होणार. त्यांचं जुळलेलं मला मोडायला हवं होतं, पण माझ्या हातून नको होतं. आणि माझ्या हाताशी अशी एक जागा होती जिथं नाही म्हणणारा मी असणार नव्हतो, भट्टी असणार होती.

त्यांचे खडे गोळा व्हायला पावसाळा गेला. मी रोज त्यांचं वाचत होतो. आता सांगतो, त्या वाचण्यातही मला गोडी लागली होती. ठरलेल्या दुपारी मी जेवून वर गेलो नाही. पाय दुखतो म्हणून खालीच बसलो आणि लाल पटक्याच्या माणसाला मागच्या वाटेनं लोहारशाळेच्या आतल्या खोलीत नेऊन उभं केलं. पुढं उस्ताद आणि वैद्य आले. अनोळखी लोकांचे घाव पडत होते, फुटत होते. त्यांचं बोलणं मी बाजूला उघडून ठेवलं होतं. दुपारची वीज जायची वेळ जवळ येत होती. त्या दिवसांत भारनियमन होतं, वीज गेली की संध्याकाळपर्यंत सगळं ठप्प. सुगत बेचैन होता. अजून थोडी फुटू देत, नाहीतर उद्या बघू, म्हणत होता. मी मागं साध्या सुऱ्या घडवत होतो. एक फुटली, आणखी एक फुटली. त्यांनी माझ्या आधी घाव घातला असता तर उलटंच झालं असतं. मग एक सुरी लखलखत उतरली. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला ते बघायचं होतं. मी सुरी कमरेला लावली आणि पुढच्या खोलीत जाऊन कोपऱ्यात उभा राहिलो.

घाव घालायचं शारदानं आपल्याकडं घेतलं होतं. हिरव्या शालीनं हातोडा उचलला, एक ठिणगी उडाली आणि ऐरणीवर राख राहिली. कोपऱ्यातल्या टेबलावर सुगत तळहात पालथे ठेवून बसला होता, कुस्तीची वेळ संपल्यावर पैलवान बसतात तसा. मग वीज गेली, पंखे थांबले आणि अव्वाचं उखळ तेवढं ऐकू यायला लागलं.

थोड्या वेळानं शारदा तोंड धुऊन चहाचा ट्रे घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. ट्रेमध्ये पोचा आलेला पेला होता. मी तो उचलून बाजूला ठेवला, आत जाऊन कपाटातला पितळी कडांचा, पाहुण्यांना द्यायचा पेला काढला, त्यात चहा ओतला आणि सुगतच्या हातात दिला. का दिला याचा मी खूप विचार केला आहे. दया आली होती, असं स्वतःला सांगून बघितलं. ते खरं नव्हे. हरलेल्या माणसावर मी खूश होतो.

सुगतनं पेला फिरवून बघितला. माझ्याकडं बघितलं. "आज पदक न्हाय, शिवादा?"

"रोज रोज तोच कशाला."

"व्हय की," तो म्हणाला. चहाला तोंड न लावता त्यानं तो पेला टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि गेला. पुन्हा आला नाही. संध्याकाळी अव्वानं तो पितळी पेला चिमटीत धरून नळावर नेला आणि राखेनं घासला, दोनदा.

शारदानं निपाणीकडच्या पहिल्याच स्थळाला होकार दिला. अव्वानं त्यासाठीही कौल लावला होता, पण शारदा तिथं बसली नाही. "माझा झालाय," एवढंच म्हणाली. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान भावाचा. मी तो जरा जोरात पिळला, मांडव हसला. तिच्या सासरी वाईट वागवणारं कुणी नव्हतं, असं आम्ही सांगायचो, कारण मारत नव्हते. तिला पुस्तक दिसलं की कपाटात ठेवायचे, फोन वाजला की सासू उचलायची आणि नवरा निपाणीतल्याच दुसऱ्या घरी जेवून यायचा. मूल झालं नाही म्हणून तिला माहेरी आणून सोडलं, तेव्हा अप्पा गेले होते. अव्वानं तिच्या वाटणीचा पेला वेगळा केला नाही, पण हळदीकुंकवाला तिला आत बसवायला लागली. मग शारदा गारगोटीला एका शाळेत लागली आणि तिथंच दोन खोल्या घेऊन राहिली. सुट्टीत मी जायचो, मुक्काम करायचो. ती चांगलं करून घालायची. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मला वाटायचं, तिला देवानं नाही म्हटलंय असं वाटत राहिलं तर बरंच आहे, माणसापेक्षा देवावरचा राग सोसायला सोपा असतो. हेही मी माझ्या सोयीनं ठरवलं होतं.

अलीकडं, म्हणजे माझी साठी उलटल्यावर, बावड्यात एका मयताला गेलो होतो आणि परतताना सुगत दिसला. केस पांढरे, अंगानं भरलेला. वडिलांचं घर विकायला पुण्याहून आला होता. मी त्याला हाक मारली. तो थांबला आणि म्हणाला, "बोला पावणं." आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. मला त्यानं ओळखलं होतं.

तिथंच रस्त्याच्या कडेला, उसाच्या गाड्या जात असताना, मी त्याला सगळं सांगितलं. मागची ऐरण, सुरी, पडदा बघणं. तो ऐकून घेत होता. मधे एकदा गाडीतून पडलेलं कांडं त्यानं पायानं बाजूला सारलं. मी थांबल्यावर तो म्हणाला, "भट्टी दमत न्हाय."

मला कळलं नाही.

"माझा जन्म असलेच खेळ बांधण्यात गेला. त्या आपल्या खेळाचं पोट बी नंतर लोकांनी उघडून बघितलं. प्रत्येक घावाला नवं नाणं उडतं. आधी काय झालं ते त्या नाण्याला ठाऊकच नसतंय. दोन ऐरणी, एक धुराडं, सगळं आपल्या मनाचं."

"पण आपण बघितलं होतं. एक उतरलं की फुटायचीच."

"फुटायचीच. खेळच अवघड केलेला. सदानकदा फुटत होती. उतरल्यानंतरची तेवढी आपण ध्यानात ठेवली." त्यानं घड्याळ बघितलं. "तुमच्या सुरीनं काय बी झालं न्हाय. झोपा निवांत."

तो शेवटचा शब्द त्यानं इतक्या सरळ आवाजात म्हटला, की मी आभार मानायला तोंड उघडलं. मग त्याच्या डोळ्यांकडं बघून मिटलं.

तरी मी निवांत झालो. कबूल करतो. चार-सहा दिवस माझी भूक वाढली. मी काहीच केलं नव्हतं! अंगठी आपली आपण फुटली होती. मी नसतो तरी फुटली असती, किंवा नसती, पण त्यात माझा हात नव्हता. आता शारदाला सांगायला हरकत नव्हती. खरं सांगायचं पुण्यही मिळणार होतं आणि शिक्षा व्हायचीही भीती नव्हती. मी बॅग भरली, गोळ्या घेतल्या आणि गारगोटीची एस.टी. धरली.

शारदा स्वयंपाकघरात ओल्या काजूचे गर सोलत बसली होती, कुणीतरी चंदगडहून आणून दिलेले. चिकानं तिची बोटं काळी झाली होती. मी समोर पाटावर बसलो आणि सांगितलं. पडदा उघडून वाचत होतो इथपासून सुरीपर्यंत आणि मग सुगत भेटला तिथपर्यंत. सुगतचं नाव घेतलं तेव्हा तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

"म्हंजे भट्टी दमत न्हाई," ती म्हणाली.

"न्हाय. माझ्या केल्यानं काही झालं नाही. तो खराच कौल होता म्हण."

तिनं एक गर सोलून पाण्यात टाकला. "तू मागं काय करत होतास ते मला आत्ता कळलं. मला ते ठाऊक न्हवतं."

"म्हणून तर आलो."

"सुगत नको म्हणत होता त्या दिवशी. लाइट जाईल, उद्या बघू, असं दोनदा लिवलं त्यानं. मी बी उठतच होते." तिनं मान वर केली नाही. "मग तू आलास. तुझा तो लाल पटका. येऊन कोपऱ्यात उभा राहिलास. आमी तुला कायबी सांगितलं न्हवतं, तरी आलास. मला वाटलं, अण्णाला कळलंय आणि अण्णा माझ्या पाठीशी उभा राहायला आलाय. म्हटलं, आता कशाला थांबायचं. म्हणून मी घाव घातला."

मी काहीतरी बोलायला गेलो. उद्याचं नाणंही नाण्यासारखंच असतं, उद्याही फुटलं असतं कदाचित, असं काहीसं माझ्या तोंडात होतं.

गर सोलून झाले. तिनं राखेनं बोटांचा चीक घासला, पण काळं गेलं नाही. मग आतल्या खोलीत जाऊन कॉटवर ठेवलेली माझी बॅग आणली आणि दाराशी ठेवली. गोळ्यांची पिशवी वर नीट खोचली.

"ऊठ अण्णा," ती म्हणाली. "कोल्हापूरची गाडी हाय आता. मिळंल तुला."